बंगलोरचं तिकीट

दादा,

हे गेल्यावर आसेगावात एकटी कायले राह्यतं म्हनून तू नागपूर-बंगलोरचं विमानाचं तिकीट धाडलं. ते म्या आज रद्द केलं. रागावू नोको.

आदी वाटलं, वाया कायले घालवाचं? शेलूबाजारच्या जीपमंदी रुमाल टाकून धरलेली जागा आपन दुसऱ्याले देतोच ना, तसं हे शेजारच्या हिरीबाईले देऊन टाकू. तिचा पोरगा तिकडंच कामाले हाये. तिनं तं पिशवीबी भरली! पन सेवा केंद्रातला बादल हसला. म्हने, "ताई, तिकिटावर तुमचं नाव हाये, दुसऱ्याले बसू देत नाहीत."

मंग म्हनलं, कर रद्द. तो म्हने, आजारपन लिहू, जास्त पैसे भेटतील. पन मी ठनठनीत हाये. "मले यायचं नाही" असंच लिव्हाले लावलं.

फोनवर मले हे बोलताच आलं नाही. लहानपनापासून तुले कदी 'नाही' म्हनलंच नाही. पन दादा, ह्यायची पिठाची गिरनी सोमवारी परत सुरू केली. पट्टा म्याच चढवला. दुपारपर्यंत डब्यायची रांग लागली.

हे पत्र आता धाडत नाही. कापून उरलेले पैसे तुह्याच खात्यात येतात म्हने, तवा माह्यं 'नाही' तुले बँकच कळवन.

मंग तू फोन करशीनच. फक्त जोरानं बोल, गिरनी चालू असन.

तुही लहानी,
सोजर