पाण्याची कड

११ एप्रिल
सातला गच्चीवर. १५४ मिलीमीटर. वहीत लिहिलं, शेजारी लेकीची सही केली. तिला जाऊन सहा दिवस झाले.
कारखान्यात हजेरी मी बघतो. दुसऱ्याची सही ठोकणाऱ्या चार जणांना आजवर मेमो दिलाय.

१२ एप्रिल
नीट लिहून ठेवतो. लेकीच्या कॉलेजात एक योजना आहे. ज्यांच्या घरातलं कुणी कधी प्रयोगशाळेची पायरी चढलं नाही, अशा पोरांना पहिल्याच वर्षी संशोधनाला लावतात. हिने विषय घेतला – सावलीतल्या पिंपातलं पाणी रोज किती आटतं. पिंपाला बाहेरून काचेची नळी, नळीमागे पट्टी. नव्वद दिवस, एकही खाडा नको. तरच काम प्रदर्शनात मांडतात.
बासष्टाव्या दिवशी, तीन तारखेला, पहाटे तिला दवाखान्यात न्यावं लागलं. स्ट्रेचरवरून म्हणाली, "बाबा, सातचं वाचन राहिलंय. पाण्याची कड बघा फक्त."
परत येऊन घेतलं. पाच तारखेला ती गेली, तरी तेव्हापासून रोज घेतोय. आठवड्याचे आकडे तिच्याच फोनवरून तिच्या कॉलेजातल्या मार्गदर्शक मॅडमना पाठवतो. कॉलेजला कळवलेलं नाही. कळवलं तर तिचं नाव कापतील.

१५ एप्रिल
बायको म्हणाली, "ते पिंप हलवा तिथून. कपडे वाळत घालायलासुद्धा वर जाववत नाही मला."
म्हटलं, एक मेपर्यंत राहू दे. कपडे आता मी घालतो. चिमटे उलटे लावतो म्हणे.

१८ एप्रिल
१४०.

२० एप्रिल
मॅडमचा मेसेज, लेकीला. "आकडे छान आहेत. पण तीन एप्रिलला पाणी आटलंच नाही. आधी रोज आटतंय, नंतरही रोज आटतंय. त्याच दिवशी काय झालं होतं गं?"
संध्याकाळी खरं ते लिहिलं. दोन ओळी झाल्या.

२२ एप्रिल
मॅडम घरी आल्या. वयाने लहानच आहेत. गच्चीवर पिंप, नळी, वही सगळं बघितलं. मग, "काका, एकदा माझ्यासमोर वाचा."
वाचलं.
"तुम्ही वरची कड वाचताय. पाणी काचेला धरून थोडं वर चढतं. मधला खोलगट भाग वाचायचा. ती तो वाचायची."
दोन मिलीमीटरचा फरक, रोज आटतं तेवढाच. म्हणजे त्या दिवशीही पाणी आटलं होतं. मीच ते भरून काढलं.
विचारलं, सगळं वाया?
"वाया कशाला? तीन तारखेपासून प्रत्येक आकड्यातून दोन वजा करा. खाडा एकही नाही. फक्त ज्याने वाचलं त्याची सही हवी. वरती नाव तिचंच राहील."
वीस सह्यांवर एकेक रेघ मारली, शेजारी माझी केली. बायको जिन्याच्या दारात उभी राहून ऐकत होती. वर आली नाही.

१ मे
नव्वदावा दिवस, आणि मला नेमका पाच मिनिटं उशीर. धावत वर गेलो. वहीत आकडा होता. ११२. नळी तपासली – मधला भाग, बरोबर ११२. सही बायकोची.
दोरीवर कपडे होते. चिमटे सुलटे.