शुक्रवारचं माप

ता. ४ जून

सौ. वन्संना अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे तुमच्या दादांच्या फुफ्फुसातली गाठ सोडून सगळं. तिसरी केमो झाली. उलट्या दोनच दिवस झाल्या. रोज दोन तास खाली दुकानात जाऊन बसतात. मशीन चालवायचा दम नाही, पण आपल्या कारागीर काकांच्या काज-बटणात खोड्या काढण्याइतका आहे. तीस वर्षं दुकानात काढलेला माणूस, तेही मुकाट ऐकून घेतात.

येणारा-जाणारा आधी हेच विचारतो, की सिगारेट ओढायचे का. सोडून अठरा वर्षं झाली, असं हे मान खाली घालून सांगतात, चोरी पकडल्यासारखं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

एक गोष्ट तुमच्या-माझ्यात. वजन नऊ किलो उतरलंय. शर्ट अंगावर लोंबायला लागले आणि हे आरशासमोर गप्प उभे राहायला लागले. म्हणून दुपारी हे झोपले की मी एकेक शर्ट दोन्ही बाजूंनी अर्धा इंच आत घेते. हाताने, बारीक टाक्यांनी. परवा शर्ट घालून म्हणाले, की बघ, अजून अंगाला बरोबर बसतो. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. तेव्हा तुम्ही आलात तर वाळलेत वगैरे काही बोलू नका.

माझी काळजी नको. मी ठणठणीत आहे.

लोभ आहेच, तो उसवू देऊ नये.

तुमची,
वहिनी

*

ता. १२ जून

चि. टाचणीस अनेक आशीर्वाद.

फोनवर दोन वाक्यांत ढास लागते, म्हणून लिहितो. कागदावर खोकला ऐकू येत नाही, एवढाच फायदा.

वहिनी माझे शर्ट आत घेते, हे तिने तुला कळवलंच असेल. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसापासून टाके लपवायचे म्हणजे मांजराने डोळे मिटून दूध प्यायचं. तिचा टाका मी हजारांत ओळखेन. शेवटी गाठ नेहमी दुहेरी मारते. पण शर्ट अजून बसतो म्हटल्यावर तिचा चेहरा असा उजळला, की आता रोज तेच म्हणतो.

खरी मापं माझ्याकडे आहेत. दुकानातल्या मापाच्या वहीत मी माझ्या नावाचं पान काढलंय आणि दर शुक्रवारी काकांकडून माप घेतो. स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही. टेप पाठीवर घसरते आणि माणूस हवं तिथे बोट ठेवतो. छाती चाळीस होती, आज साडेछत्तीस भरली. मला भीती वाटते, टाचणे. भर दुपारी वही उघडताना वाटतं, माझ्याआधी कुणीतरी या पानावर येऊन गेलंय आणि पुढचा आकडा त्याला ठाऊक आहे.

पण लिहायचं कारण वेगळं. त्याच पानावर शेजारी तिचा रकाना आहे. टेप लावू देणार नाही, म्हणून नजरेने घेतो. कंबर अडीच इंचांनी उतरली. माझ्या ताटात उरलेलं ती ओट्याशी उभ्याने खाते. मी जेवलो नाही की तीही नाही. मला बघायला चार डॉक्टर आहेत, तिला कोणी बघत नाही. तिला हे कळवू नकोस, उगाच हसून दाखवेल.

पत्राला उत्तर धाडावे, दादावर माया आहे ती राहू द्यावी.

तुझा,
दादा

*

ता. २० जून

ती. वहिनींना सा. न. वि. वि.

शर्टाचं गुपित माझ्यापाशी सुरक्षित आहे. हल्ली माझ्या पोटात इतकी गुपितं झालीत की जेवायला जागा उरत नाही. शाळेची प्रयोगशाळा सांभाळणारी बाई मी, बाटल्यांना चिठ्ठ्या लावणं हेच काम. पण तुम्हा दोघांच्या बाटलीवर काय लिहावं ते कळत नाही.

तुम्ही जेवता ना? बसून?

शाळेची तपासणी आटोपली की येतेच. असं मी मार्चपासून लिहितेय, तुम्ही हसत असाल.

आपल्या लोभातली,
टाचणी

*

ता. ५ जुलै

सौ. वन्संना अनेक आशीर्वाद, वि. वि.

बसून जेवते का, असं का विचारलंत? कोण बोललं?

ह्यांना चार दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. छातीत पाणी झालं, ते काढलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी धुतलेले कपडे न्यायला घरी आले. दुकान बंद. काकाही दवाखान्यात. जिन्यावर पाय ठेवला आणि दुकानातून खोकला ऐकू आला. ह्यांचाच. आधी दोन सुके, मग तो लांबलचक, आणि शेवटी खुर्ची ओढल्यासारखा श्वास. कुलूप काढलं. आत कोणी नाही. कोपऱ्यातल्या मापाच्या पुतळ्यावर ह्यांचा कोट, चाळीस छातीवर भरून बसलेला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. दवाखान्यात पोचले तेव्हा भेटीची वेळ संपत आली होती.

आता लिहिते ते कोणाजवळ बोलले नाही. हे श्वास घेतात तेव्हा मी घेते. ह्यांचा अडकला की माझा अडकतो. मलाही ढास लागायला लागली, म्हणून गुपचूप छातीचा फोटो काढून घेतला. डॉक्टर म्हणाले, अगदी साफ आहे, काळजी सोडा. वन्सं, मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, ह्यांनी मला बाहेर ठेवून आतून कडी लावली. ह्यांचा श्वास थांबेल त्या दिवशी माझा कसा चालायचा ते मला समजत नाही, आणि चालावा असं वाटतही नाही.

ह्यांना कळवलंत तर माझी शपथ आहे.

तुमची,
वहिनी

*

ता. १० जुलै

ती. दादास सा. न.

शपथ मोडते आहे. वहिनींचं पत्र सोबत जोडलंय, ते वाच. तुझं जूनमधलं पत्र वेगळ्या पाकिटातून त्यांना धाडलंय. तुम्ही दोघांनी मला मधली भिंत करून ठेवलीत. भिंतीला कान असतात हे सगळे म्हणतात. तिला झोप लागत नाही हे कोणी बघत नाही. रागवायचं असेल तर दोघं मिळून माझ्यावर रागवा.

माझंही ऐक. मार्चमध्ये मी चार दिवसांसाठी आले आणि दुसऱ्याच दुपारी निघाले. तपासणी-बिपासणी काही नव्हती. तू झोपला होतास, मी तुझे श्वास मोजत होते, आणि एक यायला इतका उशीर झाला की मी चपला घातल्या आणि थेट स्टेशन गाठलं. तेव्हापासून मी त्या एका श्वासाची वाट बघतेय. वर्गात, बाटल्या धुताना, कुठेही. मी भित्री आहे, दादा.

पुढच्या शनिवारी येते. या वेळी पळणार नाही.

धाकटीवरचा लोभ कमी करू नये.

तुझी,
टाचणी

*

ता. १३ जुलै

चि. टाचणीस अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. पत्रं एकाच दिवशी आली. कापडं कापायच्या टेबलाच्या दोन बाजूंना उभं राहून आम्ही एकमेकांची वाचली. मग ती मला खूप बोलली आणि मी तिला. काका बाहेर जाऊन रस्ता बघत उभे राहिले. रडणंही झालं, दोघांचंही. मी तिला सांगितलं, की टाके तू घाल, पण श्वास ज्याचा त्याने घ्यायचा. हो म्हणाली. तिच्या हो म्हणण्यावर माझा विश्वास नाही.

मग तिने टेप लावू दिली. माझी नजर एका इंचाने चुकली होती. कंबर अडीच नाही, साडेतीन इंचांनी उतरलीय. इतकी वर्षं नजरेनं मापं घेतोय, पण माझ्याच घरातलं माणूस मी जास्त धरलं.

येताना बाईमाणसाच्या कोटाचं गडद निळं कापड आण, अस्तरासकट. हात चालतोय तोवर तिला एक शिवतो. तिच्या जुन्या मापाचा.

लवकर ये.

दादा

*

ता. १९ सप्टेंबर

सौ. वन्संना अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुम्ही सात आठवडे राहिलात. ह्यांच्या शेवटच्या दुपारी हात तुमच्या हातात होता आणि तुम्ही हलला नाहीत, हे मी विसरणार नाही. तुम्ही परत गेल्याला दोन आठवडे झाले.

खोकला अजून ऐकू येतो, बहुतेक जेवायच्या वेळी. आधी मी ताट टाकून उठायचे. आता बसून राहते. तो पुरा होऊ देते आणि पुढचा घास घेते. तुमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे दोनदा जाऊन आले, त्यांनाही हे सांगितलं. त्यांनी वेडी म्हटलं नाही.

निळ्या कोटाला काकांनी बटणं लावून दिली. घालून बघितला. आत मी आणि आणखी एक मावेल.

काल मापाची वही उघडली. ह्यांचा रकाना ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी संपतो. माझा संपत नाही. ह्यांनी पुढच्या सगळ्या शुक्रवारच्या तारखा आधीच लिहून ठेवल्यात, पार पुढच्या जूनपर्यंत. समोर जागा रिकामी. डिसेंबरच्या तारखांपासून पुढे अक्षर काकांचं आहे. ह्यांनी सांगितलं असणार आणि त्यांनी लिहिलं असणार. मला दोघांनीही पत्ता लागू दिला नाही.

पहिली दोन घरं तशीच गेली. काल टेप काढली. म्हटलं, थोडा वाढवून आकडा लिहावा, ह्यांना बरं वाटेल असा, त्या शर्टांसारखा. पण ह्यांनी तुम्हाला लिहिलं होतं तेच झालं. टेप पाठीवर घसरली आणि बोट मला हवं तिथे जाऊन बसलं. या वहीत आजवर खोटं माप गेलेलं नाही. मी पेन ठेवून दिलं.

पुढच्या शुक्रवारी या. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवं.

तुमची,
वहिनी