सरांनी मारलेला माणूस
जुन्नर, ५ जानेवारी १९५४

प्रबंधासाठी आधीच्या पुस्तकांचा आढावा लिहितोय, आणि माझ्या मार्गदर्शक सरांच्याच पुस्तकात छापलंय, की हातकागद करणारा जुन्नरचा शेवटचा माणूस कधीच वारला. तो तर मला सकाळी भेटला! करीमचाचा, कोपरापर्यंत हात कागदाच्या लगद्यात. वाक्य वाचून दाखवलं, तर हसत म्हणाले, "मग ह्यो लगदा कोन ढवळतंय राव, माझं भूत?"

मला हसू येईना. सर चिडले तर प्रबंध बुडाला. गप्प बसलो तर चाचांना मीही मारलं. मी लिहितो त्या गोष्टींत माणसं खुशाल मारतो; मग इथंच लेखणी का अडतेय? ते लगद्यातले हात डोळ्यांपुढून हलत नाहीत.

लिहिलं शेवटी, "हे विधान चूक आहे." सरांचं नावही घातलं.

उद्या त्यांनाच वाचून दाखवायचंय.