निळ्या कयाकच्या तळाची आणि मालकीची व्यवस्था

मी, मंजिरी पुरुषोत्तम टिपणीस, वय सत्तावीस, राहणार वॉटफर्ड, व्यवसायाने कंपोझिट इंजिनिअर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र लिहिते. प्रकृती उत्तम आहे. शनिवारी मी मैत्रीण आश्लेषा हिच्याबरोबर वेल्समधल्या अँगल्सीहून आयल ऑफ मॅन बेटापर्यंत समुद्रातून कयाकने, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीने, जाणार आहे. वारा अनुकूल आहे. हे शांतपणे लिहायचे ठरवले होते. अक्षर शांत दिसत नाही, त्याला इलाज नाही.

१. बँकेतली शिल्लक बाबांना. ते ती पुन्हा बँकेतच ठेवतील.

२. गाडी भाऊ मिहीरला. मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. सँडर आणि रेस्पिरेटर त्यालाच, पण एकत्र. मास्क न लावता फायबरग्लास घासणाऱ्याला सुटा सँडर देऊ नये. माझ्या कयाकला तो "ताई, इट्स अ बाथटब विथ अ पॉइंट" म्हणाला होता. हे मी विसरलेले नाही.

३. कयाक. ती जुनी घेतली. तळाचा जेलकोट, म्हणजे फायबरग्लासवरचा संरक्षक थर, दगडांवर झिजून आतले धागे दिसत होते. मी तो भाग घासला, ॲसिटोनने पुसला, हार्डनर मिसळून नवा थर दिला आणि वर प्लॅस्टिक ताणून चिकटवले. हवा लागली तर हा थर वरून चिकटच राहतो.

आईचा या सफरीला विरोध होता. ती माझ्याशी बोलत नव्हती. सकाळी गॅरेजमध्ये पाहिले तर प्लॅस्टिक उचललेले, आणि चिकट थरावर हळदकुंकवाचे स्वस्तिक.

"आई! हे काय?"

"अगं, नव्या गाडीला करतोच ना आपण? बाबांच्या गाडीला केलं, तेव्हा काही झालं का?"

"तिचा रंग वाळलेला होता."

"मग हे ओलं आहे, सांगायचं होतंस."

"तू बोलत होतीस का माझ्याशी?"

"आता बोलतेय ना. जाणारच आहेस तर नीट जा. काढ ते सगळं, पुन्हा कर. मी ढवळते."

तिने हार्डनर थेंबाथेंबाने घातला, डब्याच्या कडा निपटून मिश्रण एकजीव केले. थर कडक झाल्यावर आम्ही दोघींनी ओल्या सँडपेपरने तो घासला, मग पॉलिश केला. जोड कुठे आहे ते बोटालाही कळत नाही! आईने तीनदा हात फिरवून पाहिला. मग विचारले, "यात पाय कुठे ठेवायचे गं?"

सबब कयाक, वल्ही आणि उरलेला जेलकोट आई सौ. सुनीती हिला. कयाक किनाऱ्याला लागलेली सापडली, तर तळ शाबूत असेल. त्याची हमी मी देते. तिच्यात फुलझाडे लावू नयेत.

४. आईला साक्षीदार व्हायचे होते. इथल्या कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. "सही हवी की कयाक?" मी विचारले. ती सरळ गॅरेजमध्ये गेली.

मंजिरी टिपणीस (सही)
वॉटफर्ड, ८ जून २००६

साक्षीदार: वीणा दाबके, श्यामला रेगे, दोघी शेजारी. आईला कयाकमधून बाहेर काढून आल्यावर दोघींनी माझ्यासमोर, एकत्र सह्या केल्या.