माझं राज्य दोनदा बुडालं

तीर्थरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार (टेबलाशी बसल्या बसल्याच घातलाय, गोड मानून घे). तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला गेला का, की अजून औषध लपवून ठेवतात? इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून.

पुढच्या वर्षी मला राज्यशास्त्र हा मुख्य विषय घ्यायचाय आणि बाबा म्हणतात अकाउंट्सच घे, हे आईने तुला सांगितलंच असेल. पण हे पत्र त्यासाठी नाही. मला फक्त आमच्या मॅडमबद्दल सांगायचंय.

आम्ही त्यांना ‘तर मग मॅडम’ म्हणतो. आपण काहीही ठणकावून सांगावं, त्या शांतपणे चष्मा पुसत ‘तर मग?’ एवढंच विचारतात आणि आपलं गाडं तिथेच अडतं. गेल्या महिन्यात एकदा सत्ता म्हणजे काय हे शिकवायचं होतं. त्या सरळ शेवटच्या बाकापाशी गेल्या आणि म्हणाल्या, आज माझ्या खुर्चीत जो बसेल त्याचं सगळ्यांनी ऐकायचं, मीसुद्धा. कोण बसणार? अर्थात मीच, हौस दांडगी. वह्या मिटा म्हटलं, मिटल्या. उभे राहा म्हटलं, अख्खा वर्ग उभा. खरं सांगतो मावशी, डोक्यात हवा जायला एवढं पुरतं. मग मी सगळ्यांना एका पायावर उभं राहायला सांगितलं, तर खिडकीजवळच्या एका मुलीने नुसतं ‘का?’ म्हटलं आणि ती खाली बसली. तिच्या पाठोपाठ सगळेच बसले. मी टेबल आपटलं, आवाज चढवला (शेवटी तर ‘प्लीज’ही म्हणून पाहिलं), पण बुडालेलं राज्य काही वर आलं नाही. एका पायावर उभ्या राहिल्या होत्या त्या फक्त मॅडम, साठीला टेकलेल्या, भिंत धरून, कारण मी त्यांना बसा म्हटलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घाईघाईने बसा म्हटल्यावर त्या बसल्या आणि म्हणाल्या, सत्ता खुर्चीत नसते, बाकांवर असते. असं शिकवणारं माणूस मी आजवर पाहिलं नाही.

घरी येऊन मी हे सगळं हातवारे करकरून आईला ऐकवलं. ती माझा शर्ट इस्त्री करत होती. थोडक्यात काय, मी म्हटलं, ऐकणाऱ्यांनी ऐकायचं सोडलं की सत्ता संपते. आईने इस्त्री बंद केली आणि जाऊन पेपर वाचत बसली. तेव्हापासून घरात क्रांती चालू आहे. माझी समजूत अशी होती की आपल्या घरात सत्ता बाबांची. पण बाबा निमूटपणे आपला चहा आपण करून घेतात (आणि आईलाही देतात), त्यांचं काही अडलं नाही. हाल झाले ते माझे. सकाळच्या हाका, डबा, मोज्यांची जोडी शोधून देणं, सगळं एकदम बंद. जुलमी राजा मीच निघालो, आणि इतकी वर्षं मला हे कुणी कळवलंही नव्हतं.

भरीस भर म्हणून आईने माझं राज्यशास्त्राचं पुस्तक पळवलंय. भाजी चिरताना वाचते आणि मला धारेवर धरते. राजाला सैन्य लागतं हे ठीक, पण त्या सैन्याला जेवायला कोण वाढतं, आणि ती माणसं कुठल्या पानावर आहेत? मी तिचे प्रश्न (जरा कपडे बदलून) वर्गात विचारतो. मॅडम हल्ली माझ्याकडे कौतुकाने बघतात.

बाकी सर्व ठीक. काकांना नमस्कार सांग.

तुझा,
स्वतःचा डबा स्वतः भरणारा भाचा

ता. क. पत्र त्यासाठी नाही म्हटलं ते साफ खोटं. बाबा तुझ्या शब्दाबाहेर नाहीत, त्यांना एक फोन कर ना. मी अकाउंट्समध्ये पास होईन, नोकरीलाही लागेन, पण माझं मन नाही गं रमायचं तिथे. विषय शुक्रवारी कळवायचाय.

पुन्हा ता. क. फोन करू नकोस. पाकीट चिकटवायचं राहिलं तेच बरं झालं. आज तास संपल्यावर मॅडमनी मला थांबवून घेतलं. सैन्याच्या जेवणाचा प्रश्न फार चांगला होता, म्हणाल्या, आणि ज्यांचा आहे त्यांना सांग, पुढच्या वर्षी माझ्या तासांना येऊन बसत जा. मी घरी येऊन खाली मान घालून निरोप दिला. आईने उठून कपाटातले ठेवणीतले कपडे काढले आणि आरशासमोर धरून बघत राहिली. बाबा तिच्याकडे बघत होते. मग मला म्हणाले, “तूही तोच विषय घे. एवढ्या मोठ्या कॉलेजात ती एकटी कशी जाईल?”