किटलीतला चेहरा

३ मार्च
संपलं एकदाचं! सातही चेहरे ब्लर झाले. माझ्या व्हिडिओ-प्रदर्शनातली, बाहेरच्या देशांतून इथे येऊन राहिलेली सात माणसं. पडद्यावर फक्त त्यांचे हात काम करताना दिसणार आणि आवाज ऐकू येणार. शेवटचा चेहरा शिवणाऱ्या मावशींचा. डोळ्यांत तेल घालून एकेक फ्रेम तपासली. चार वर्षांनी त्यांच्या इथे राहण्याच्या परवान्याचा निकाल एकवीस तारखेला आहे आणि तोवर त्यांना काम करायची मनाई. व्हिडिओत तर त्या मशीनवर पँट शिवतायत! त्यांच्या वकीलबाईंनी दम भरलाय, "ओळखू आल्या तर फाइल बंद." मी मावशींना शब्द दिलाय.

५ मार्च
आवाजाचं काम माझ्या साथीदाराकडे; मी त्याला कानसेन म्हणते. हेडफोन काढत नाही, मग मी काय बोलते ते ऐकणार कसा? भांडण.

७ मार्च
आज उद्घाटन. ग्रंथालयाचा हॉल, चाळीसेक माणसं, भिंतभर पडदा. सगळं छान चाललेलं. तेवढ्यात हॉल झाडणारी बाई मला म्हणते, "किटलीतली बाई छान हसतेय हो!"

कुठली किटली?

मशीनशेजारची, स्टीलची. तिच्या पोटात मावशींचा अख्खा चेहरा! गालावरच्या तिळासकट! माझ्या कॉम्प्युटरवर तो मुगाएवढा असेल, दिसलाच नाही. भिंतीवर परातीएवढा झाला. तोंडचं पाणी पळालं. धावत जाऊन वायर उपटली आणि "तांत्रिक अडचण" म्हणाले. एक जण तर मोबाइलवर फोटो काढत होता!

गाढव आहे मी. चेहरा लपवायचा म्हणून दोन आठवडे चेहऱ्याकडेच बघत बसले.

८ मार्च
सकाळी किटलीवरही ब्लर चढवला. मग मावशींकडे जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, आता धू धू धुतील. त्या कापड बाजूला ठेवून एवढंच म्हणाल्या, "स्पष्ट दिसत होतं का गं?"

"हो."

"तीळसुद्धा?"

"हो, मावशी. चुकलं माझं."

"बरं," म्हणाल्या आणि चहा टाकला. त्याच किटलीत! रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१३ मार्च
तो फोटोवाला सापडला. कानसेननेच शोधला — शाळेतले चित्रकलेचे सर. त्यांनी माझ्यासमोर फोटो पुसला. बाकीच्या एकोणचाळीस जणांचं काय?

१८ मार्च
दारावर कुणी थाप मारली तरी दचकते. प्रदर्शनाचं कौतुक होतंय म्हणे. होऊ दे.

२१ मार्च
मिळाला! मिळाला! मिळाला!

वकीलबाईंचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते. "परवाना मंजूर," म्हणाल्या, पुढचं काही ऐकलंच नाही. सुरी हातात घेऊन रडले. किटलीबद्दल कुणी ब्रसुद्धा काढला नाही! चौदा दिवसांनी जीव भांड्यात पडला. "किटलीत म्हण," कानसेन म्हणाला. त्यासाठी हेडफोन काढला त्याने! मी त्याला मिठी मारली आणि पाच तारखेचं भांडण माफ केलं.

पोटभर जेवले. आता झोपणार, दिवसाढवळ्या.

२३ मार्च
मावशी पहिल्यांदाच प्रदर्शन बघायला आल्या. नवी ओढणी, केसांना तेल. मी फुशारकीने म्हटलं, "आता तुमचा चेहरा मोकळा करते!"

"तो राहू दे तसाच, बाकीच्या सहा जणांसारखा. किटलीतली मी तेवढी परत लाव."

"अहो, ती तर चूक होती!"

"तुझी असेल," मावशी म्हणाल्या. "मी अर्धा तास घासली होती ती. आणि तुझ्या कॅमेऱ्यासमोर बरोब्बर फिरवून ठेवली होती. चार वर्षं कुठे दिसायचंच नाही म्हणजे काय गं!"