कॉम्प्युटरवरचं पांघरूण

प्रिय बारक्या,

फोनवर तू "सगळं ठीक ना?" विचारतोस, मी "ठीक" म्हणतो, आणि मग आपण दोघेही हवापाण्यावर येतो. तोंडाने बोलणं मला कधी जमलं नाही. म्हणून आज पहाटे देवापुढे जरा जास्त वेळ बसलो आणि मग कागद पुढ्यात घेतला. अक्षर वाकडं आहे, चालवून घे. गावच्या शाळेत गुरुजींनी त्यासाठी पुष्कळ छड्या मोडल्या, पण हात काही वळला नाही.

घरची बातमी म्हणशील तर शेजारच्या मांजराची चंगळ चालू आहे. ओट्यावर दूध उघडंच असतं आणि ते खिडकीतून येऊन ऐटीत पिऊन जातं. तुझी आई हल्ली काहीच झाकत नाही. मला आधी वाटलं, विसरत असेल. पण आयुष्यभर जिने घरातली वस्तू न् वस्तू झाकली, ती विसरेल कशी? मिक्सरला टोपडं, शिलाई मशीनला झबलं, रेडिओला घुंघट. ताई म्हणायची, "बाबा, फार वेळ गप्प बसून राहू नका, आई तुमच्यावरही रुमाल टाकेल." आता मशीनवर धूळ साचली आहे. दुपारी मी आडवा झालो की ती अंगावर चादर टाकायची, तेही बंद झालं. चादर घेऊन दारापर्यंत येते, थोडा वेळ उभी राहते, आणि घडी घालून परत नेते. मी डोळे मिटून पडलेला असतो, पण मला कळतं.

माझ्या कामावर, पंपघरात, दोन नंबरची मोटर शेवटी बदलली. टोकाच्या घरांना पाणी पोचत नाही म्हणून साहेब तिला कित्येक महिने कुवतीपेक्षा जास्त पळवत होते. मोटर अशी एकदम जळत नाही रे. आधी तिचा आवाज बदलतो, मग अंग तापतं, आणि तरीही ती चालत राहते, म्हणून सगळ्यांना वाटतं की जमतंय. ती मोटर काढून नेली त्या दिवशी मला आपल्या कॉम्प्युटरची आठवण झाली. तुला न विचारता तो मी दुरुस्तीला नेला. रागावू नकोस.

बाजारामागच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एकजण बसतो, जाड चष्म्यामुळे मी त्याला चष्मेवालाच म्हणतो. बोलायला फटकळ, पण हात हलका. त्याने पेटी उघडली, आत वाकून वास घेतला आणि म्हणाला, "काका, याला एवढं कुणी पिदडलंय?" मी म्हटलं, मुलाने ओव्हरक्लॉकिंग केलं होतं. माझ्या तोंडून तो शब्द ऐकून तो हसलाच. मला तो शब्द तूच शिकवला होतास. प्रोसेसरचा वेग कंपनी जपून ठरवते, आपण थोडा वाढवला तर काही बिघडत नाही, फुकटात नवं मशीन मिळाल्यासारखं होतं, असं तू सांगितलं होतंस. मशीन जुनं, आणि ताई जाऊन वर्ष होईल त्या दिवसापर्यंत तुला तिच्या सगळ्या व्हिडिओंची एक फिल्म करायची होती. जेवायचासुद्धा नाहीस. वेग एक पायरी वाढवायचास, पंख्याचा आवाज ऐकायचास, आणि परत एक पायरी.

ती दुपार मी विसरू शकत नाही. फिल्म तयार व्हायला लावून तू मित्राकडे गेलास. समोरचा रस्ता खोदलेला होता, घरात धूळ येत होती. आईने ताईने विणलेलं ते निळं आच्छादन काढलं आणि कॉम्प्युटरवर घातलं. ताईचं काम चाललंय, त्यावर धूळ नको, एवढंच तिच्या मनात. तू परत आलास तेव्हा पडदा काळा होता. नंतर मित्राच्या मशीनवर डिस्क लावून पाहिलीस, तर एकही व्हिडिओ उघडेना. ताईचा फोन तू आधीच रिकामा केला होतास, सगळं एका जागी सुरक्षित राहावं म्हणून. घरी येऊन तू ते आच्छादन ओढून भिरकावलंस आणि म्हणालास, "आई, तू झाकलंस म्हणून घात झाला. काय गरज होती झाकायची?" दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या नोकरीच्या गावी निघून गेलास. आईने आच्छादन धुतलं आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिलं.

चष्मेवाल्याने डिस्क दोन दिवस तपासली. डिस्क धडधाकट आहे म्हणाला, तिच्यावर लिहिलेलंच चुकलेलं आहे. वेगाबरोबर व्होल्टेजही वाढवलेलं, पंखा मात्र पहिलाच. मशीन कित्येक आठवडे आतून चुकत होतं आणि वरून व्यवस्थित दिसत होतं. तू फोनमधून व्हिडिओ उतरवलेस तेव्हाच ते मोडके उतरले. तुझ्या टेबलाच्या खणातला पेन ड्राइव्हही मी नेला होता. त्यातल्या प्रती त्या दुपारच्या कितीतरी आधीच्या, आणि त्याही तशाच मोडलेल्या. "बंद पडलं असतं तर बरं झालं असतं काका," तो म्हणाला, "हे चुकत चुकत चालत राहिलं." मी पिशवीतून आच्छादन काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने त्याच्या जाळीतून बोटं आरपार घातली आणि म्हणाला, "यातून वारा जातो. शेवटच्या दिवशी थोडा ताप वाढला असेल, नाही म्हणत नाही. पण तुमचे व्हिडिओ याने नाही गेले."

त्यातलं काहीच परत मिळालं नाही, बारक्या. मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं. निदान हसण्याचा आवाज तरी, म्हटलं. तो चष्मा पुसत बसला.

हे तुझ्या माथी मारायला लिहिलेलं नाही. तू वेग हौसेने वाढवला नाहीस, बहिणीसाठी वाढवलास. देवापुढे बसतो तेव्हा दोष कुणाचा हे मी विचारत नाही, कारण उत्तर मिळालं तरी त्याचं मी काय करणार? पण एक गोष्ट तुला ठाऊक नाही, आणि ती कळल्याशिवाय तुझ्या आईच्या हातातली ती चादर तुला कळायची नाही.

ताईला ताप चढला तेव्हा तू हॉस्टेलवर होतास. तिला अशी थंडी भरली की दात वाजत होते. "आई, आणखी घाल गं," म्हणत होती. आईने होतं नव्हतं ते सगळं पांघरूण तिच्यावर घातलं, शेवटी स्वतःची शालही. दवाखान्यात नर्सबाईंनी ते एकेक काढून बाजूला टाकलं आणि म्हणाल्या, "तापात एवढं झाकतात का हो?" कामाच्या गडबडीत सहज बोलल्या त्या. डॉक्टरांनी मला नंतर स्पष्ट सांगितलं, आजार रक्तात पसरला होता, पांघरुणाचा काही संबंध नाही. मी आईला ते सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. मला वाटलं, पटलं. तुझं ते वाक्य आलं आणि कळलं, ती अजून त्या दवाखान्यातच उभी होती.

चष्मेवाल्याचं म्हणणंही मी तिला सांगितलं. पुन्हा "बरं"च म्हणाली. माझ्या सांगण्याने हे सुटणारं नाही, म्हणून हे पत्र. सुट्टी मिळेल तेव्हा ये. माफी मागू नकोस, तिला ती ऐकवणार नाही. कॉम्प्युटरचा विषयही काढू नकोस. जेवून झालं की बाहेरच्या खोलीत आडवा हो आणि आत हाक मार, "आई, गार वाटतंय, अंगावर काहीतरी घाल." उकाडा असला तरी मार. ती दारापर्यंत येईल आणि थांबेल. तेव्हा उठू नकोस, हात पुढे करू नकोस. ती तुझ्यापर्यंत येईस्तोवर तसाच पडून राहा.

दाराकडे कान लावून बसलेला,
तुझाच,
बाबा